साखरेशी संसार – ९ : आकडा साखरेचा, साक्ष तांबड्या पेशीची

साबुदाणा आणि उपवास हा विषय या आठवड्यात घ्यायचा होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण ग्लुकोमीटरवरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे. घरी मोजलेली साखर बेताची असते आणि प्रयोगशाळेतून आलेला एचबीए१सी, म्हणजे आपली ‘तीन महिन्यांची साखर’, साडेसात-आठ निघतो. काहींच्या बाबतीत नेमकं उलट होतं. मग खरं कुणाचं मानायचं? पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी उत्तर मनाशी ठरवूनच टाकलं आहे: यंत्र घरगुती, तेव्हा चूक त्याचीच. माझं म्हणणं असं की हा निवाडा इतक्या घाईने करू नये. एचबीए१सी साखर मोजतो हे खरं, पण तितकंच तो तांबड्या रक्तपेशीचं आयुष्यही मोजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा राज्यात हिमोग्लोबिन शेजारी ठेवल्याशिवाय हा आकडा वाचणं मला धोक्याचं वाटतं.

रक्तातली साखर पेशीतल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते. त्यासाठी कुठलं विकर लागत नाही. एकदा पक्की बसली की पेशी असेपर्यंत सुटत नाही. मधुमेहींच्या रक्तात हे बदललेलं हिमोग्लोबिन जास्त असतं हे तेहरानमध्ये सॅम्युएल रहबार यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यावरून साखरेचा माग काढता येईल ही कल्पना रुजली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. कैरीची फोड बरणीत जितके दिवस राहील तितकी मुरते, तसं जुन्या पेशीतलं हिमोग्लोबिन जास्त साखरलेलं आणि नव्या पेशीतलं कमी. आपण ज्या दिवशी रक्त देतो त्या दिवशी शिरेत म्हाताऱ्या, तरुण आणि कालच जन्मलेल्या अशा सगळ्या पेशी एकत्र असतात, आणि यंत्र त्यांची सरसकट टक्केवारी देतं. गेला महिना त्यातल्या बहुतेक पेशींनी पाहिलेला असतो, तीन महिन्यांपूर्वीचे दिवस मात्र थोड्याच म्हाताऱ्या पेशींनी पाहिलेले असतात. त्यामुळे या आकड्याचा जवळजवळ निम्मा भाग शेवटच्या तीस दिवसांतून येतो. दिवाळीचा फराळ संपल्यावर लगेच केलेली चाचणी आणि दोन महिन्यांनी केलेली चाचणी यांत फरक पडतो तो यामुळेच.

या चाचणीचा मान मी कमी करत नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांवरच्या डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हे सगळे टाइप १ मधुमेहाचे, इन्सुलिनवर असलेले रुग्ण होते. ज्यांचा एचबीए१सी सातच्या आसपास ठेवला होता त्यांच्या डोळ्यांचं, मूत्रपिंडांचं आणि नसांचं नुकसान नऊच्या आसपास असलेल्यांपेक्षा फार कमी झालं. पाच वर्षांनी ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने टाइप २ बद्दलही त्याच दिशेचा पुरावा दिला. म्हणजे आकड्याला वजन आहेच. पण ते वजन गटाच्या पातळीवर सिद्ध झालेलं आहे, आणि एकट्या माणसाकडे येताना त्यात बरीच ढील पडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे पाचशे लोकांची साखर दिवसरात्र मोजून ती एचबीए१सीशी ताडून पाहिली. सात टक्के म्हणजे सरासरी १५४ मिलिग्रॅम, हे आज अनेक अहवालांवर छापलं जाणारं समीकरण तिथून आलं. अहवालावर सहसा न छापला जाणारा भाग असा की सात टक्के असणाऱ्यांची खरी सरासरी १२३ पासून १८५ पर्यंत पसरलेली असू शकते. निरोगी रक्ताच्या माणसांतही इतकं अंतर असेल, तर बिघडलेल्या रक्ताचं काय?

लोहाची कमतरता घ्या, आपल्याकडचं रक्तक्षयाचं ते एक मोठं कारण. लोह नसलं की नव्या पेशींची भर मंदावते आणि रक्तात जुन्या, जास्त साखरलेल्या पेशींचं प्रमाण वाढतं. साखर तीच राहूनही एचबीए१सी वर सरकतो. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणारी चाळिशीतली बाई अशाने नुसत्या आकड्यावर ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर’ जाऊन बसते, किंवा मधुमेह असेल तर तिची गोळी वाढते. पुढे कुणीतरी लोहाच्या गोळ्या देतं, नव्या पेशी भराभर येतात, आणि एचबीए१सी खाली येतो. घरात सगळ्यांना वाटतं की मेथीच्या पाण्याने गुण आला, किंवा वाढवलेली गोळी लागू पडली. साखर जागची हललेली नसते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही आकडा असाच फुगू शकतो, आणि हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं ब-१२ कमी निघालं होतं. शाकाहार हे त्याचं कारण आहेच, शिवाय वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यानेही ब-१२ घटतं. म्हणजे मधुमेहाच्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या गोळीचा परिणाम त्याच मधुमेहाच्या मोजमापात मिसळू शकतो.

फुगलेल्या आकड्यापेक्षा मला खोटा कमी आकडा जास्त भिववतो. पेशी वेळेआधी फुटत असतील किंवा नव्या पेशींची भरती जोरात असेल, तर हिमोग्लोबिनला साखरायला वेळच मिळत नाही. अंगावरून भरपूर रक्त गेलेलं असेल, रक्त चढवलेलं असेल, डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर आकडा खाली येतो. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यांत सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे. ज्याला पूर्ण सिकलसेल आजार आहे त्याच्यात एचबीए१सी तयार व्हायला लागणारं नेहमीचं हिमोग्लोबिनच नसतं. त्याच्यासाठी ही चाचणी निरर्थक आहे. नुसत्या वाहकाच्या बाबतीतही अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेवढ्याच साखरेला आकडा साधारण ०.३ ने कमी आला. वरवर हा फरक किरकोळ दिसतो, पण ६.५ ही निदानाची रेषा असेल तर ६.३ वाला माणूस निर्धास्त घरी जातो आणि डोळ्याच्या पडद्याचं नुकसान चालूच राहतं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच असतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एकदा सूट दिली की प्रत्येक जण ‘माझा आकडा रक्त कमी असल्यामुळे वाढलाय’ म्हणेल आणि पथ्य सोडेल. याला माझं उत्तर असं की रक्तक्षयाने सरकणारा आकडा महत्त्वाचा ठरतो तो रेषेच्या आसपास, ५.७ ते ७.५ च्या टापूत. दहा आलेला एचबीए१सी लोहाच्या कमतरतेवर ढकलता येत नाही. तिथे साखर वाढलेलीच आहे. दुसरा आक्षेप असा की डॉक्टरांना हे सगळं माहीत असतंच. असतं, आणि तरीही अनेकदा फक्त एचबीए१सीचाच कागद त्यांच्यासमोर येतो, कारण तेवढीच चाचणी आपण परस्पर करून आणलेली असते. तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. घरचा आकडा कमी आणि एचबीए१सी जास्त असण्याचं सर्वांत नेहमीचं कारण रक्तक्षय नाही. आपण फक्त सकाळी उपाशीपोटी मोजतो आणि भात-पोळीच्या जेवणानंतरची चढण कधी पाहतच नाही, हे ते कारण. तेव्हा एचबीए१सीवर संशय घेण्याआधी आपलं मोजणं तपासलं पाहिजे. एक दिवस नाश्त्याच्या आधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या दोन्ही बाजूंना, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या. असं दोन आठवडे केलं तर पट्ट्यांचा फार खर्च न होता बऱ्यापैकी चित्र मिळतं. हात धुऊन, कोरडे करून मोजायचं. आंबा कापलेल्या बोटावरचा रस पट्टीवर शंभराने आकडा चढवू शकतो.

या नोंदींची सरासरी १३० च्या घरात असेल आणि एचबीए१सी आठ, म्हणजे हिशोबाने १८३, तर पेशींकडे पाहायची वेळ आली. त्यासाठी संपूर्ण रक्तगणना, म्हणजे सीबीसी, पुरते सुरुवातीला. हिमोग्लोबिन कमी किंवा पेशींचा आकार नेहमीपेक्षा लहान-मोठा असेल तर पुढे फेरिटिन, ब-१२ किंवा हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. एक सावधगिरी मात्र हवी: रक्तक्षय तीव्र असेल तर काही ग्लुकोमीटरही साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. पट्ट्यांच्या डबीतल्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा दिलेली असते, ती पाहून घ्यावी, आणि शंका असेल तर शिरेतल्या रक्ताची साखर प्रयोगशाळेतच उपाशीपोटी आणि जेवणानंतर करावी. फ्रुक्टोसामिन नावाची चाचणीही आहे. ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. तांबड्या पेशींशी तिचा संबंध नाही, पण लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत बिघडलेलं असेल तर तीही फसते.

लोहाच्या किंवा ब-१२ च्या गोळ्या सुरू केल्या असतील तर सुरू केल्याची तारीख साखरेच्या वहीत लिहून ठेवा आणि एचबीए१सी करताना डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन स्थिरावून तीन महिने होईपर्यंत नव्या आकड्याची जुन्याशी तुलना करू नका. तोवर मधुमेहाची गोळी कमी-जास्त करायची असेल तर ती घरच्या नोंदींवरून आणि डॉक्टरांना विचारूनच. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वयस्कर माणसांच्या बाबतीत तर हे काटेकोरपणे पाळायला हवं. फुगलेल्या आकड्यावर डोस वाढवला की पहाटे साखर उतरून तोल जाऊन पडण्याची भीती असते, आणि सत्तरीत मोडलेलं खुब्याचं हाड माणसाला अंथरुणाला खिळवतं. साबुदाणा पुढच्या आठवड्यात.