शेवटची मैत्रीण पोचेपर्यंत

आमच्या सारसोळे गावाची गंमत अशी की एका बाजूला खाडी आणि जेट्टी, दुसऱ्या बाजूला नेरूळच्या इमारती, आणि मधून जाणारा पाम बीच रस्ता. रविवारी पहाटे या रस्त्यावरून बुलेटवाल्यांचे ताफे जातात. काळी जाकिटं, गुडघ्याला पट्टे, आणि ती छातीत धडधडणारी आवाजांची माळ. कुणी लोणावळ्याला निघालेलं असतं, कुणी अलिबागला, तर कुणी कुठल्याशा बाइक शोला. घराघरांतून यावर एकच शेरा ऐकू येतो, ‘निघाले पेट्रोल जाळायला!’

पण गेल्या काही वर्षांत या ताफ्यात एखाद्या हेल्मेटखालून वेणी बाहेर आलेली दिसते. मग तोच शेरा जरा बदलतो. ‘हिला घरी काही काम नाही का?’

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्या महाराष्ट्रात बाईनं दुचाकी चालवणं काही नवं नाही. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची लूना आली. पुढे कायनेटिक होंडा, नव्वदच्या दशकात स्कूटी, २००१ मध्ये अॅक्टिव्हा. या गाड्यांनी आपल्याला केवढा हात दिला! मुलांची शाळा, भाजी, गॅसचं बुकिंग, सासऱ्यांचं औषध, नोकरी, क्लास. पण नीट बघा, या यादीत सगळी कामंच आहेत. बाईच्या गाडीला कायम काहीतरी काम लागतं. पुरुष ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणून किल्ली उचलतो, त्याला कुणी विचारत नाही. बाईनं नुसती चक्कर मारायला किल्ली उचलली की घर मान वर करून बघतं.

म्हणूनच २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख या दोघींनी ‘द बायकर्नी’ ही फक्त बायकांची मोटारसायकल संघटना सुरू केली, तेव्हा ती गोष्ट वरवर दिसते त्यापेक्षा मोठी होती. बायकांनी एकत्र येऊन, काही काम नसताना, आनंदासाठी गाडी काढायची. जगात ही वाट आधीच पडलेली होती. अमेरिकेत १९४० मध्ये ‘मोटर मेड्स’ नावाचा बायकांचा क्लब निघाला, १९५० मध्ये बायकांची आंतरराष्ट्रीय संघटना. २००७ पासून दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी जगभरच्या बायका ठरवून दुचाकी बाहेर काढतात. आणि आपल्याच पुण्याच्या रमाबाई लटपटे २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून दुचाकीवरून जगप्रवासाला निघाल्या.

तिकडे परदेशात बाइकचे मेळावे उन्हाळ्यात भरतात. अमेरिकेतल्या स्टर्जिस गावचा मेळावा १९३८ पासून ऑगस्टमध्ये भरतो. पहिल्या वर्षी शर्यतीत फक्त ९ जण होते म्हणे! आज लाखो माणसं त्या लहानशा गावात उतरतात. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे डांबर वितळायची वेळ, त्यामुळे मोठे मेळावे थंडीच्या तोंडावर. गोव्यात वागातोरला २०१३ मध्ये ‘इंडिया बाइक वीक’ सुरू झाला. बुलेटवाल्यांचा ‘रायडर मेनिया’ही गोव्यातलाच; आता त्याचं नाव ‘मोटोव्हर्स’ झालंय. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडचे क्लब छोट्या सहली काढतात. पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत सावलीला पोचायचं.

आमच्या बचत गटातल्या बायकांना हे वेड लागलं ते मागच्या उन्हाळ्यात. पनवेलच्या पुढे एका मैदानावर बाइकचं प्रदर्शन भरणार होतं. नेरूळमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी एका क्लबात आहे. तिनं सहज विचारलं, ‘ताई, तुमच्या गटातल्या बायका येतील का?’ सात जणी तयार झाल्या. गाड्या पाच. तीन स्कूटर, दोन गिअरच्या. मी मागच्या सीटवर.

आदल्या रविवारी माझ्या घरी बैठक झाली. मला वाटलं, इंजिन, पेट्रोल, वेग असं काही विचारतील. पहिला प्रश्न आला, ‘बाथरूमचं काय?’ सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. आपल्यातल्या कितीतरी बायका या एका कारणापायी प्रवासात पाणी पीत नाहीत आणि मग उन्हाळ्यात चक्कर येऊन बसतात. ती मुलगी म्हणाली, ‘क्लबात आम्ही थांबे आधी ठरवतो. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह फुकट वापरता येतं, तो आपला हक्क आहे. आणि पाणी प्यायचंच.’

मग तिनं ताफ्याचे नियम सांगितले. मी वहीत लिहून घेतले, कारण मला ते घरात लावण्यासारखे वाटले! सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेली. सगळ्यांत शेवटी सर्वांत अनुभवी. ही शेवटची कधीच कुणाला ओलांडून पुढे जायची नाही. कुणाची गाडी बंद पडली, कुणी घाबरली, तर ही तिच्यासोबत थांबणार. नवख्या बायका पुढच्या गाडीच्या लगेच मागे. ताफ्याचा वेग ठरवायचा तो सगळ्यांत हळू चालवणारीच्या हिशेबानं. पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की आपण दोन सेकंदांनी तिथं पोचायचं, त्याच्या आत नाही. सरळ रस्त्यावर एक गाडी डाव्या अंगाला, पुढची उजव्या अंगाला. वळणावर मात्र एकामागे एक. प्रत्येकीनं आरशात आपल्या मागची बघायची. वळणाच्या नाक्यावर मागची दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

आमच्या शेजारच्या कोळीणमावशी दारात बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘खारीन होरी एकली नाय सोरत बाय. तुमची गारी पन एकली सोरू नका.’ खाडीत होडी एकटी सोडत नाहीत, तशी गाडीही एकटी सोडू नका. क्लबाची अख्खी नियमावली मावशींनी एका वाक्यात सांगून टाकली.

आता घरच्या परवानगीचं. सात जणींच्या सात कथा. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, ‘संगतीला कोण?’ बायकाच आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे कुणीच नाही!’ एकीचे यजमान खूप प्रेमळ. ते म्हणाले, ‘तुला बघायचंय ना प्रदर्शन? मी नेतो की गाडीतून.’ ती मला म्हणाली, ‘ताई, ते नेतात हो. नेहमीच नेतात. मला एकदा जायचंय.’ नेणं आणि जाणं यात किती अंतर आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि एक होती, तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मोटारसायकल सोसायटीच्या खाली आच्छादनाखाली उभी. दीर म्हणत होते, विकून टाकू. हिनं विकू दिली नाही. हिच्याकडे विनागिअर गाडीचं लायसन्स होतं. गिअरच्या गाडीला ते चालत नाही. हिनं शिकाऊ लायसन्स काढलं, महिन्याभरानं वाशी आरटीओत परीक्षा दिली, गाडी आणि विमा आपल्या नावावर करून घेतला. ही माहिती मुद्दाम देते, कारण अनेकींना ठाऊक नसतं. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ असतो आणि अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. बंद पडलेली गाडी ही नुसती अडगळ नसते, ती तुमच्या हक्काची वस्तू असते.

तर आम्ही निघालो. बेलापूर, कळंबोली, पनवेल. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही. म्हणजे दुचाकीवाल्यांना जुनाच रस्ता, ट्रक आणि एसटींच्या सोबतीचा. कळंबोलीच्या गर्दीत आमची ही मैत्रीण मागे पडली. एका पुलाच्या अलीकडे, रस्ता सोडून, आम्ही सगळ्या थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटची गाडी तिच्यासोबत आहे हे माहीत होतं, म्हणून जीव थाऱ्यावर होता. मग दोन दिवे दिसले. ती आली, काच वर केली आणि म्हणाली, ‘तुम्ही थांबलात? मला वाटलं, गेला असाल पुढे.’

कुणी काही बोललं नाही. एकीनं फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

मला समाजकामात वीसेक वर्षं झाली. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, उशिरा शिकायला लागलेली, अशा कितीतरी बायका भेटल्या. त्यांचं दुःख गरिबीइतकंच आणखी एका गोष्टीचं असतं. सगळे पुढे निघून गेले आणि आपण मागे राहिलो. नातेवाईक वाईट नसतात, पण ज्याला त्याला आपापल्या वेगानं जायचं असतं. आणि इथं, लोक ज्याला उनाडपणा म्हणतात त्या खेळात, पहिला नियम असा की सर्वांत मागे असलेली पोचल्याशिवाय ताफा पोचला असं धरायचंच नाही.

प्रदर्शनात काय पाहिलं? पन्नास वर्षांपूर्वीच्या चकचकीत बुलेट, ज्यांचे गिअर उजव्या पायाला असायचे. हजार सीसीच्या परदेशी गाड्या, ज्यांच्या किमतीत आमच्याकडे गावी घर होईल. एका मुलीनं दाखवलं की १९५ किलोंची बुलेट मुख्य स्टँडवर चढवायला दंडाची ताकद लागत नाही. स्टँडवर पाय ठेवून अंगाचं वजन टाकायचं, गाडी आपोआप मागे चढते. आमच्या गटातल्या एकीनं लगेच करून पाहिलं, आणि आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हळू चालवण्याची स्पर्धाही होती. पाय न टेकता सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला! आमच्यातली स्कूटरवाली तिच्यात दुसरी आली. नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षांच्या गर्दीतून रोज वाट काढणारीला यात अवघड ते काय?

एक गोष्ट मात्र कडकपणे लिहायला हवी. हेल्मेट. आपल्याकडे चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर पदर. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ माणसं मेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या मुलालाही. घरात एकच हेल्मेट विकत आणताना आपण कुणाचा जीव मोजतो, याचा विचार करा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी, फेटा आणि गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या मुली पाहिल्या की ऊर भरून येतो. पण मिरवणूक संपली की फेटा उतरवून हेल्मेट चढवायचं आणि मगच घरची वाट धरायची, हेही त्या मुलींना कुणीतरी सांगायला हवं.

तुमच्या गावात क्लब नसेल. नसू दे. चार जणी असल्या तरी ताफा होतो. गाडी कुठलीही चालेल, अॅक्टिव्हाच्या ५.३ लिटरच्या टाकीत तुमचा तालुका पालथा घालून होतो. पहिली सहल तीस किलोमीटरच्या आतली ठेवा. आम्हाला कर्नाळा आहे, तुम्हाला एखादं धरण, एखादं देऊळ, जवळचा घाट असेल. साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा पँट घाला, ओढणीची टोकं आत खोचा. चाकात ओढणी अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, खाली सैल वेणी घाला. आयएसआय खूण असलेलंच हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, दिवे बघा. लायसन्स, विमा, पीयूसी सोबत. उन्हाळ्यात दहाच्या आत सावली गाठा, पावसाळ्यात पहिल्या सरीनंतरच्या निसरड्या रस्त्यावर घाई नको. घरी पोचायची वेळ सांगून निघा, परवानगीसाठी नव्हे, काळजी नको म्हणून.

आणि कुणी विचारलंच, ‘काय काम होतं?’ तर सरळ सांगा, ‘काही नाही, फिरून आले.’ हे उत्तर द्यायला पहिल्यांदा जीभ जड होईल. दुसऱ्यांदा होणार नाही.

वाटेत आरशात बघायला मात्र विसरू नका. मागची दिसत नसेल, तर थांबा.