वेगाची नोकरी : अमेरिकी कॉलेज-बेसबॉलमधील पिचिंग कोच

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बेसबॉल संघांमध्ये पिचिंग कोच हे पद कागदोपत्री दुय्यम असते. संघाचे नेतृत्व, वार्ताहरांपुढे बोलणे आणि विजयाचा मान हे सारे मुख्य प्रशिक्षकाच्या, म्हणजे हेड कोचच्या, वाट्याला येते. गेल्या काही वर्षांत मात्र या पदावरील माणसांसाठी विद्यापीठांमध्ये आणि व्यावसायिक संघांमध्ये जी चढाओढ लागली आहे ती पाहता हे दुय्यमपण आता कागदावरच उरले आहे असे म्हणावे लागते. पूर्वी या व्यवसायाची वाट शाळेच्या मैदानापासून निघून फार तर विद्यापीठातील हेड कोचच्या खुर्चीपर्यंत पोचत असे. आता ती मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेपर्यंत थेट जाते, आणि तिथून पुन्हा विद्यापीठाकडे वळते. हा बदल वेस जॉन्सन यांच्या कारकिर्दीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या दिसत असेल.

क्रिकेटच्या गोलंदाजाप्रमाणे पिचरला धावत येण्याची मुभा नसते आणि त्याच्या चेंडूला टप्पाही नसतो. मैदानाच्या मध्यभागी असलेल्या 10 इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावरून, ज्याला माउंड म्हणतात, तो 60 फूट 6 इंच अंतरावरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो, आणि कोपर वाकवून झटक्याने फेकण्याची पूर्ण मोकळीक असल्यामुळे साधारण 145 ग्रॅम वजनाचा हा चेंडू ताशी 150 किलोमीटरच्या वेगाने हवेतून जातो. फलंदाजाच्या हाती जेमतेम चार-दशांश सेकंद असतात. सरळ वेगवान जाणारा फास्टबॉल, शेवटच्या क्षणी आडवा सरकणारा स्लायडर आणि हाताची गती तीच ठेवून मुद्दाम संथ सोडलेला चेंजअप अशी पिचरची वेगवेगळी अस्त्रे असतात. त्यांपैकी कोणते कोणाला पेलेल, ते कोणत्या बोटांच्या पकडीतून सुटावे आणि आठवड्यात किती वेळा वापरावे, हे ठरवणे हा पिचिंग कोचच्या कामाचा गाभा होय.

नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या नियामक संस्थेच्या सर्वोच्च श्रेणीत, ज्याला डिव्हिजन वन म्हणतात, बेसबॉल खेळणारी सुमारे 300 विद्यापीठे आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावर हंगाम सुरू होतो, नियमित वेळापत्रकात 56 सामने असतात, आणि प्रमुख प्रतिस्पर्ध्यांशी शुक्रवार, शनिवार व रविवार असे सलग तीन सामने खेळले जातात. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरच्या खांद्याला व कोपराला नंतर साधारण आठवडाभराची विश्रांती द्यावी लागत असल्यामुळे शुक्रवारी कोण, रविवारी कोण आणि मधल्या मंगळवारच्या सामन्यात कोणत्या नवख्याला अजमावायचे, याची गणिते कोचला जूनपर्यंत मांडावी लागतात. त्यातच कॉलेजच्या खेळात कोणता चेंडू टाकायचा हे बहुतेक संघांमध्ये पिचर किंवा त्याचा चेंडू झेलणारा कॅचर ठरवत नाही; मैदानाकडेच्या डगआउटमधून कोच आकड्यांच्या सांकेतिक खुणा देतो, कॅचर मनगटावरच्या पट्टीवरील तक्त्यात तो आकडा शोधतो, आणि अलीकडे एकतर्फी संदेश देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांनाही परवानगी मिळाली आहे. खेळाडूची विचार करण्याची सवय यामुळे मोडते, अशी टीका मेजर लीगमधून होत आली आहे, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. पण ज्या कोचची नोकरी निकालावर टिकते तो निर्णय अठरा वर्षांच्या मुलावर सोपवायला सहसा तयार नसतो, हेही तितकेच खरे.

मैदानावरचे काम दिसते तरी. न दिसणारे काम खेळाडू मिळवण्याचे, ज्याला रिक्रूटिंग म्हणतात. एनसीएएने बेसबॉलसाठी प्रत्येक संघाला 11.7 शिष्यवृत्त्यांची मर्यादा अनेक वर्षे घातली होती, आणि या अपूर्णांकाचे तुकडे करून ते 27 पर्यंत खेळाडूंमध्ये वाटले जात, त्यामुळे अमेरिकन फुटबॉलपटूप्रमाणे पूर्ण शिष्यवृत्ती मिळालेला बेसबॉलपटू विरळाच असे. एखाद्या होतकरू पिचरच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांना अर्ध्या किंवा पाव शिष्यवृत्तीवर राजी करणे, आणि तो अठराव्या वर्षी व्यावसायिक संघाच्या निवडप्रक्रियेत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पैसे घेऊन निघून जाणार नाही अशी आशा बाळगणे, हा या नोकरीचा अर्धा भाग होता. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल ही विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही सुरू झाली आणि 2021 पासून बेसबॉलपटूंना वर्षभर बाहेर न बसता एकदा विद्यापीठ बदलण्याची सोय मिळाली. तेव्हापासून कोचला बाहेरचा तयार पिचर ओळखावा लागतो आणि स्वतःचा घडवलेला पिचर दुसरीकडे जाताना पाहावाही लागतो.

या व्यवसायाच्या तळाशी असलेली परिस्थिती बराच काळ चमत्कारिक होती. प्रत्येक संघाला हेड कोच व दोन सहायक एवढेच पगारी प्रशिक्षक ठेवता येत आणि चौथ्या माणसाला ‘स्वयंसेवक’ म्हणूनच काम करावे लागे. तो पूर्ण वेळ राबत असे, परंतु विद्यापीठाकडून त्याला पगार घेता येत नसे, आणि उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरे घेऊन मिळेल त्यावर त्याला वर्ष काढावे लागे. कोट्यवधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या व्यवस्थेने हा नियम इतकी वर्षे जपला याचे आश्चर्य वाटते. अखेर जुलै 2023 पासून हे चौथे पद पगारी करण्याची मुभा मिळाली.

पिचिंग कोचने पुढे हेड कोच व्हावे, ही जुनी आणि प्रतिष्ठित वाट. स्किप बर्टमन यांनी मायामी विद्यापीठात रॉन फ्रेझर यांच्या हाताखाली पिचरांना शिकवले आणि 1984 मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे एलएसयूची, सूत्रे हाती घेऊन 1991 ते 2000 या काळात पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. दुसरी वाट व्यावसायिक खेळाकडे जाणारी. डेरेक जॉन्सन यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात दशकभर काम करताना डेव्हिड प्राइस, जो 2007 च्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेला, आणि सनी ग्रे असे पिचर घडवले, तरीही 2012 मध्ये त्यांना आधी शिकागो कब्ज संघाच्या दुय्यम संघांमधील पिचरांची देखरेख करावी लागली, आणि मेजर लीगमधले पद 2016 मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सकडे मिळाले. पुढे 2019 मध्ये ते सिनसिनाटी रेड्सकडे गेले तेव्हा कारकीर्द डळमळलेला ग्रे त्याच वर्षी तिथे आला आणि त्याच हंगामात ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. कॉलेजमधील कोचचा शब्द खेळाडूच्या मनात किती काळ टिकतो, याचा हा एक पुरावा मानता येईल.

वेस जॉन्सन यांचे नाव या डेरेक यांच्याशी जुळत असले तरी दोघांची वाट वेगळी आहे. मेजर लीगमध्ये ते स्वतः कधी खेळले नाहीत. आर्कान्सा राज्यातील हायस्कूलमध्ये शिकवता शिकवता ते विद्यापीठीय खेळात आले, आणि सेंट्रल आर्कान्सा, मग टेक्ससमधील डॅलस बॅप्टिस्ट, 2016 मध्ये मिसिसिपी स्टेट व 2017 पासून आर्कान्सा विद्यापीठ अशी त्यांनी एकेक पायरी चढली. फेकीचा वेग हा देवदत्त गुण असून शिकवता येत नाही, अशी प्रशिक्षकांमध्ये जुनी समजूत होती. शरीराच्या हालचालींचे यांत्रिक विश्लेषण, ज्याला बायोमेकॅनिक्स म्हणतात, त्याच्या आधारे ही समजूत खोडून काढणाऱ्यांमध्ये जॉन्सन यांची गणना होते. पायाने जमिनीला दिलेला रेटा कंबरेतून धडात, धडातून खांद्यात आणि शेवटी बोटांपर्यंत कोणत्या क्रमाने पोचतो, हे मोजता आले तर गळती कुठे होते तेही कळते, असा यामागचा विचार होता. 2018 मध्ये आर्कान्साचा संघ ओमाहा येथील कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्याच्या, निर्णायक मालिकेत ऑरेगन स्टेटकडून हरला, परंतु त्यांच्या पिचरांपैकी ब्लेन नाइट हंगामात 14 विजय मिळवून एकदाही पराभूत झाला नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिनेसोटा ट्विन्सने जॉन्सन यांना पिचिंग कोच नेमले. दुय्यम व्यावसायिक संघांमध्ये एक दिवसही न घालवता कॉलेजमधून थेट मेजर लीगमध्ये याच पदावर गेलेले ते पहिलेच, असे मानले जाते. 2019 मध्ये ट्विन्सने 101 सामने जिंकले.

ही झेप शक्य झाली ती यंत्रांमुळे. रॅपसोडो आणि ट्रॅकमन यांसारखी उपकरणे चेंडूचा वेग, मिनिटातील गिरक्या आणि गिरकीच्या अक्षाचा कल क्षणात दाखवतात; अतिवेगवान कॅमेरा चेंडू सोडतानाची बोटे संथ गतीने दाखवतो; आणि जमिनीत बसवलेल्या पट्ट्या पायाचा रेटा मोजतात. नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाने तर पिचिंगसाठी स्वतंत्र प्रयोगशाळाच उभारली. विद्यापीठांतील कोचांनी हे सारे मेजर लीगमधील अनेक अनुभवी माजी खेळाडूंपेक्षा आधी आत्मसात केले, कारण त्यांच्याकडे येणारा खेळाडू अपुरा असतो आणि तीन वर्षांत त्याला पुरा करावा लागतो. या विचाराची मुळे मात्र जुनी आहेत. टेक्सस रेंजर्सचे माजी पिचिंग कोच टॉम हाउस यांनी संगणकाद्वारे हालचालींचे विश्लेषण फार पूर्वी सुरू केले होते, आणि भारताशी या विषयाचा जो थेट धागा जुळतो तो त्यांच्यामार्फतच. 2008 मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना त्यांनी लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, बेसबॉलची तोंडओळखही नसताना, काही महिन्यांत इतके तयार केले की पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत ते पोचू शकले नाहीत, तरी फेकण्याची क्रिया खेळाच्या जाणिवेपासून किती वेगळी काढून शिकवता येते, आणि किती नाही, याचा तो एक प्रयोगच ठरला.

जून 2022 मध्ये जॉन्सन यांनी ट्विन्सचे पद हंगामाच्या ऐन मध्यावर सोडले. एलएसयूचे पिचिंग कोच जेसन केली वॉशिंग्टन विद्यापीठात हेड कोच म्हणून गेले होते, त्या जागेवर ते रुजू झाले. आपल्या गटात आघाडीवर असलेला मेजर लीगचा संघ सोडून कोणी कॉलेजकडे जाईल, ही कल्पनाच तोवर विचित्र वाटत असे. पण दक्षिणेकडील मोठी विद्यापीठे आता व्यावसायिक संघांशी पगारात बरोबरी करू शकतात, आणि वर्षातील 162 सामन्यांच्या प्रवासापेक्षा एका गावी राहणे अनेकांना सुसह्य वाटते. त्याच उन्हाळ्यात एअर फोर्स अकॅडमीतून पॉल स्कीन्स हा खेळाडू बदली घेऊन एलएसयूत आला. अकॅडमीत असताना तो पिचरही होता आणि कॅचरही. जॉन्सन यांच्या देखरेखीखाली त्याने फक्त फेकीकडे लक्ष दिले, त्याचे चेंडू ताशी 100 मैलांची, म्हणजे 161 किलोमीटरची, मर्यादा वारंवार ओलांडू लागले, आणि 2023 च्या हंगामात त्याने 209 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन वैध चेंडूंवर चकवून बाद केले. एलएसयू ज्या गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील बेन मॅकडॉनल्डचा 202 चा विक्रम 1989 पासून अबाधित होता, तो मोडला. 22 जूनला ओमाहात वेक फॉरेस्टविरुद्ध स्कीन्सने आठ डाव एकही धाव दिली नाही, समोरच्या रेट लाउडरनेही सात डाव तशीच फेक केली, आणि सामना अकराव्या डावात 2-0 असा एलएसयूने जिंकला. वेक फॉरेस्टची प्रयोगशाळा आणि जॉन्सन यांची पद्धत आमनेसामने आलेला हा सामना या व्यवसायाच्या नव्या युगाचा सर्वांत देखणा नमुना मानावा लागेल. फ्लॉरिडाविरुद्धच्या अंतिम मालिकेत स्कीन्सला उतरवण्याची गरज पडली नाही. अजिंक्यपद एलएसयूकडे आले, आणि जुलैमध्ये पायरेट्सने त्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले. 2024 मध्ये तो मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. या साऱ्या जल्लोषात एक गोष्ट जरा झाकोळली गेली: जॉन्सन यांची जॉर्जिया विद्यापीठाच्या हेड कोचपदी निवड ओमाहाला जाण्यापूर्वीच जाहीर झाली होती. एलएसयूतील त्यांची कारकीर्द एका हंगामाची.

एक माणूस हलला की मागे जागांची रांगच हलते. जॉन्सन 2018 मध्ये आर्कान्सातून निघाले तेव्हा वेक फॉरेस्टचे मॅट हॉब्ज तिथे आले, आणि 2021 मध्ये हॉब्ज यांच्या हाताखाली केव्हिन कॉप्स या सहाव्या वर्षाच्या राखीव पिचरने देशातील सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळवला. एलएसयूत जॉन्सन यांच्या जागी नेट येस्की आले. या सततच्या स्थलांतराचा ताळेबंद मांडताना खेळाडूच्या कोपराचा हिशेब टाळता येत नाही. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध बसवला, आणि तेव्हा धाडसी प्रयोग असलेली ती शस्त्रक्रिया आज त्याच खेळाडूच्या नावाने नित्याची झाली आहे. मेजर लीगमधील फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, तो 2024 मध्ये 94.2 मैलांवर गेला, आणि मेजर लीगने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाच्या व गिरकीच्या या अखंड पाठलागालाच दुखापतींचे प्रमुख कारण म्हटले. कोचची किंमत वेगावरून ठरते. कोपर टिकल्यावरून ठरवण्याची पद्धत कोणत्याही करारात रूढ झालेली दिसत नाही.

जून 2025 मध्ये येस्की यांच्या मार्गदर्शनाखालील केड अँडरसनने कोस्टल कॅरोलिनाविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पहिला सामना एकट्याने पूर्ण करून 1-0 असा जिंकून दिला, एलएसयू पुन्हा अजिंक्य ठरला आणि सिअ‍ॅटल मरिनर्सने अँडरसनला ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडले. त्या सामन्यात त्याने 130 चेंडू फेकले होते, जेवढे मेजर लीगमधील पिचरला आज क्वचितच फेकू दिले जातात. आणि कोपराची ती शस्त्रक्रिया त्याच्यावर हायस्कूलमध्ये असतानाच झालेली होती.