खोकड, शेत आणि बंदुकीची गोळी

बंगळूर शहराच्या उत्तरेस व पूर्वेस, दोडबळ्ळापूर, देवनहळ्ळी आणि कोलार या बाजूंना, नाचणीची, भुईमुगाची व भाजीपाल्याची शेते आहेत. या कोरडवाहू प्रदेशात रात्री एखाद्या शेतकऱ्याची कोंबडी नाहीशी झाली, की संशय प्रथम कोल्ह्यावर किंवा खोकडावर येतो आणि मग बंदुकीची गोष्ट निघते. अशा प्राण्यासाठी कोणत्या कॅलिबरची रायफल योग्य, हा प्रश्न जगातील अनेक देशांत शेतकऱ्यांनी विचारलेला आहे. त्याचे उत्तर केवळ पदार्थविज्ञानातून मिळेल असे वरवर पाहता वाटते. परंतु प्राणिशास्त्राची मदत घेतल्यावाचून ते पुरे होत नाही.

गोळीचे गणित

कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या पोकळीचा व्यास. .२२ या आकड्याचा अर्थ एका इंचाचे शंभर भाग केल्यास त्यांपैकी बावीस भाग, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर. मात्र केवळ या आकड्यावरून गोळीच्या सामर्थ्याची कल्पना येत नाही. नेमबाजीच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या लहान .२२ काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. .२२३ या काडतुसाची गोळी जवळजवळ तेवढ्याच व्यासाची आहे. तिचे वजन सुमारे ३.६ ग्रॅम असते. पण तिचा वेग सेकंदाला सुमारे ९८० मीटर असतो.

पदार्थाची गतिज ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिप्पट झाला तर ऊर्जा नऊपट होते. म्हणून पहिल्या गोळीची ऊर्जा सुमारे १४० जूल, तर दुसरीची सुमारे १,७०० जूल, म्हणजे बारापट भरते. व्यास मात्र दोहोंचा जवळजवळ एकच!

ऑस्ट्रेलियात या गणिताला व्यावहारिक महत्त्व आहे. तेथे युरोपीय वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी तांबडा खोकड आणून सोडला. तो त्या खंडाचा मूळ रहिवासी नव्हे. त्याने मेंढ्यांची कोकरे आणि तेथील लहान वन्य प्राणी यांची मोठी हानी केली. म्हणून तेथे त्याच्यावर गोळी चालवण्यात येते व त्यासाठी .२२२ किंवा .२२३ अशी वेगवान काडतुसे योग्य मानली जातात. प्राणी तत्काळ मरावा, हा त्यामागील हेतू. लांब अंतरावरून लहान .२२ वापरल्यास प्राणी केवळ जखमी होतो आणि बिळात जाऊन तडफडत मरतो.

गोळी चुकली तर काय, हाही विचार करावा लागतो. लहान .२२ ची गोळीसुद्धा सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. वेगवान गोळी त्याहून पुष्कळ दूर जाते. कठीण जमिनीवर किंवा दगडावर आपटून ती उसळी घेऊन भलतीकडेही जाऊ शकते. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा उंचवटा असणे आवश्यक ठरते. बंगळूरभोवतीच्या शेतांच्या बांधापलीकडे पुष्कळदा रस्ता, विहीर, वस्ती किंवा गुरे राखणारी मुले असतात.

शेतातला प्राणी कोणता?

मराठीत कोल्हा आणि खोकड ही नावे पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. कन्नडमध्येही ‘नरी’ हा शब्द दोघांना लावतात. परंतु हे प्राणी भिन्न आहेत. कोल्हा साधारणतः आठ ते अकरा किलोग्रॅम वजनाचा असतो. भारतीय खोकड दोन ते चार किलोग्रॅमचा, म्हणजे मोठ्या मांजराएवढाच असतो. त्याच्या झुबकेदार शेपटीचे टोक काळे असते. तो माळरानात अनेक तोंडांची बिळे करून राहतो.

त्याच्या आहारात उंदीर, टोळ, वाळवी, खेकडे, सरडे, पक्ष्यांची अंडी, तसेच बोरासारखी फळे असतात. संधी मिळाल्यास तो कोंबडीही पळवतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उंदीर हे शेतातील धान्याचे नित्याचे शत्रू असून ते बिळांत धान्य साठवतात. वर्षभर उंदीर खाणाऱ्या प्राण्याला एका कोंबडीपायी मारणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने तोट्याचाच व्यवहार होय.

माळरानातील निरीक्षणे

बंगळूर येथील अशोका ट्रस्ट फॉर रिसर्च इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्नमेंट या संस्थेतील शास्त्रज्ञ अबी तमिम वनक यांनी पूर्वी मॅथ्यू गॉम्पर यांच्यासह सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर खोकडाचा अभ्यास केला होता. त्यांचे निबंध २००९ व २०१० या वर्षांत प्रसिद्ध झाले. मोकाट कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा खोकड टाळतो आणि कुत्रा जवळ असता तो कमी खातो, असे त्यांना आढळले. कुत्र्यांचे सांसर्गिक रोगही खोकडापर्यंत पोहोचू शकतात. यावरून असे दिसते की, कोंबडी नाहीशी होताच खोकडावर ठपका ठेवण्यापूर्वी गावातील मोकाट कुत्र्यांकडे पाहिले पाहिजे.

कायदा आणि उपाय

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने कोल्हा व खोकड या दोघांनाही संरक्षण दिले असून त्यांची शिकार हा गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची सोय आहे. पण ती मुख्यतः ठासणीच्या बंदुकीसाठी आहे, रायफलीसाठी नाही. शिवाय असा परवाना हाती असला, तरी त्यामुळे संरक्षित प्राण्याला मारण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

शेतकऱ्याची हानी मात्र खरी असते आणि तिच्यावर उपायही आहेत. कोंबड्या सूर्यास्तापूर्वी बारीक जाळीच्या, पक्क्या तळाच्या खुराड्यात कोंडाव्या. जाळीची खालची कड जमिनीत वीतभर पुरावी, म्हणजे प्राण्याला उकरून आत शिरता येत नाही. करडे व कोकरे रात्री वाड्यात ठेवावी. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत. सकाळी ओल्या मातीतील ठसे पाहिल्यास चोर कोण, याचाही अंदाज येतो. गावातील कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्यावी. एखादा कोल्हा किंवा खोकड दिवसाढवळ्या निर्भयपणे वस्तीत शिरून माणसांवर धावू लागला, तर तो रेबीजने ग्रस्त असण्याचा संभव असतो. अशा वेळी लोकांना दूर ठेवून वनखात्याला कळवावे. चावा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब दवाखाना गाठावा.

रायफल निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा प्राणी कोणता? नुकसान खरोखर त्यानेच केले काय? आणि गोळी चुकली तर ती कोठे जाईल? ऑस्ट्रेलियातील शेतकरी या तिन्हींची उत्तरे देऊन कॅलिबरच्या प्रश्नापर्यंत पोहोचू शकतो. बंगळूरभोवतीच्या शेतकऱ्याला मात्र पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच बंदुकीऐवजी पक्क्या खुराड्याची निवड करण्याचे कारण सापडते.