दर्यावरचा ठावठिकाणा

रानात वाट चुकली तर माणूस पाणंद शोधतो, ओढ्याच्या काठाने चालू लागतो, नाहीतर एखाद्या गुराख्याला विचारतो. समुद्रावर यांतले काहीच नाही. किनारा दिसेनासा झाला की चहूकडे सारखेच पाणी! मग शेकडो वर्षे गलबते दूरच्या बंदराला नेमकी कशी लागत? खाली खूण नसली तरी वर आहे, हे त्याचे उत्तर. मात्र ही वरची खूण अर्धाच पत्ता सांगते. उरलेल्या अर्ध्यासाठी माणसाला फार किंमत मोजावी लागली.

पत्त्याचे दोन भाग असतात. विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस आपण किती आहोत, हा अक्षांश. आणि पूर्वेस वा पश्चिमेस किती, हा रेखांश.

अक्षांश ध्रुवतारा देतो. उत्तर ध्रुवावर तो जवळजवळ माथ्यावर, तर विषुववृत्तावर क्षितिजाला टेकलेला असतो. मधे कुठेही तो क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच तिथला अक्षांश. रत्नागिरीला तो सुमारे १७ अंश, मुंबईला १९, नागपूरला २१. हात लांब करून धरलेली मूठ दहाएक अंश झाकते. तेव्हा रत्नागिरीत तो पावणेदोन मुठी उंच दिसायचा. गुरुजींनी मुलांकडून हे अवश्य करवून घ्यावे.

अरबी समुद्रावरचे अरब आणि हिंदी नाखवे यासाठी 'कमाल' नावाची लाकडी फळी वापरीत. फळीला गाठी मारलेली दोरी असे. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर आणि वरची ताऱ्यावर आणायची. एकेका बंदराची गाठ ठरलेली. आपल्या बंदराच्या गाठीइतका तारा आला, की गलबत सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला वळवायचे. पुढे सेक्स्टंट आला. त्याने भर दुपारी सूर्याची उंची मोजूनही, कोष्टकाच्या आधाराने, अक्षांश काढता येतो.

आता रेखांश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश. समजा, जहाजावर सूर्य माथ्याशी आला आहे, आणि त्याच क्षणी ग्रिनिचला सकाळचे आठ वाजले आहेत. चार तासांचा फरक, म्हणजे जहाज ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारे ६० अंशांवर. हिशेब सोपा आहे. पण ग्रिनिचला किती वाजले हे भर समुद्रात सांगणार कोण? हेलकावणाऱ्या जहाजावर त्या काळचे लंबकाचे घड्याळ टिकत नसे.

१७०७ साली इंग्रजी आरमाराची चार जहाजे खराब हवेत, ठिकाणाचा अंदाज चुकल्याने, सिली बेटांच्या खडकांवर फुटली. चौदाशेहून अधिक माणसे बुडाली. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश काढण्याच्या रीतीला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. मोठमोठे ज्योतिषी आकाशात उत्तर शोधत होते. ते घड्याळात शोधले जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने. १७६१ साली त्याचे चौथे घड्याळ जमैकाच्या सफरीवर गेले. ८१ दिवसांत ते, त्याची रोजची ठरलेली चूक वजा जाता, अवघे पाच सेकंद मागे पडले. तरीही हॅरिसनला पार्लमेंटकडून शेवटची रक्कम मिळाली ती १७७३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी!

आणि पाच सेकंदांचे एवढे कौतुक का? विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरची चूक. रात्रीच्या काळोखात खडक टळतो की लागतो, हे तेवढ्यावर ठरते.

ही गंमत शाळेच्या अंगणातही पाहता येते. डिसेंबरच्या २५ तारखेच्या सुमारास जमिनीत सरळ काठी रोवा आणि सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहा. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची. रत्नागिरी त्याच्या पश्चिमेला सुमारे सव्वानऊ अंश. म्हणून तिथे खरी दुपार बाराला होत नाही, सुमारे बारा वाजून सदतीस मिनिटांनी होते. इतर दिवसांत सूर्याच्या चालीमुळे हे पाव तासापर्यंत मागेपुढे होते.

आज जहाजांना ठिकाण उपग्रह सांगतात. पण त्यांच्याही पोटात अतिशय अचूक अणुघड्याळेच आहेत. आणि यंत्र बंद पडले तर हाताशी काही असावे, म्हणून अमेरिकेच्या नौदल अकादमीने मधे सोडून दिलेला ताऱ्यांचा धडा २०१५ साली पुन्हा सुरू केला. तारा कधी बंद पडत नाही. ढग तेवढे नसावेत!