चौकट भिंतीत धरणारी पट्टी

होल्डफास्ट म्हणजे दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीला भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. रुंदी साधारण दीड इंच, जाडी ३ ते ५ मिलिमीटर, लांबी फूटभर किंवा थोडी जास्त. एक टोक काटकोनात वळवून त्याला स्क्रूची भोके पाडलेली असतात. दुसरे टोक मधोमध चिरून माशाच्या शेपटीसारखे दोन्हीकडे फाकवलेले असते. वळवलेले टोक चौकटीच्या पाठीला बसते, चिरलेले भिंतीतल्या काँक्रीटमध्ये जाते. टोक फाकवलेले असल्याने पट्टी सरळ ओढून बाहेर येत नाही. गिलावा झाला की ती कायमची दिसेनाशी होते, आणि म्हणूनच बांधकामात तिच्याबाबत हयगय फार होते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या जुन्या घरांत ही पट्टी सापडत नाही. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींत सुतार वेगळी युक्ती वापरत. चौकटीची वरची पट्टी आणि उंबरठा हे दोन्ही उभ्या बाजूंच्या पलीकडे वीतभर बाहेर काढलेले असत. ही चार टोके दगडांखाली दाबली गेली की भिंतीचे वजनच चौकटीला धरून ठेवी. त्याहून मागे गेले तर जुन्नर तालुक्याच्या डोंगरांत दगडाचीच भिंत भेटते. लेण्याद्रीच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात मधल्या दालनाभोवती २० खोल्या आहेत. अशा कोरीव विहारांत दार बसवायचे तर भिंत रचण्याचा प्रश्नच नसे. लाकडासाठी खाचा आणि खळगे थेट कातळात कोरावे लागत. गडांच्या दरवाजांतही झडपेच्या वरच्या-खालच्या खुंट्या दगडातल्या खळग्यांत फिरत आणि आडवा अडसर दोन्हीकडच्या भिंतींतल्या भोकांत सरके.

वीट आली, भिंत नऊ इंचांवर आणि आतल्या खोल्यांत चार इंचांवर उतरली, तेव्हा नुसत्या वजनाचा आधार पुरेना. चौकटीवर किती ओढ येते याचा हिशेब सोपा आहे. तीन फूट रुंद आणि ३० किलो वजनाच्या सागवानी दाराचे वजन बिजागऱ्यांपासून दीड फुटावर एकवटलेले असते. वरच्या आणि खालच्या बिजागरीत साडेपाच फुटांचे अंतर धरले, तर वरची बिजागरी चौकटीला सतत सुमारे आठ किलोच्या जोराने भिंतीपासून ओढत असते आणि खालची तेवढ्याच जोराने आत ढकलत असते. वाऱ्याने दार आपटले की हाच जोर क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बिजागरीच्या बाजूचा वरचा होल्डफास्ट वरच्या बिजागरीच्या जवळच हवा. दाराला प्रत्येक उभ्या बाजूस तीन, म्हणजे एकूण सहा, आणि नेहमीच्या खिडकीला एकूण चार होल्डफास्ट ही चालत आलेली मोजदाद योग्यच आहे.

चौकट उभी करणे हे सुतार आणि गवंडी या दोघांचे काम. मुहूर्ताला चौकटीला हळद-कुंकू लावतात, आंब्याचा डहाळा बांधतात, नारळ फोडतात. मग ओळंबा निघतो. सुतार आधी दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. हे माप पुढे हलू नये म्हणून वरच्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी आणि तळाशी एक आडवी पट्टी ठोकतात. पाण्याच्या नळीने दोन्ही बाजूंची पातळी मिळवतात, ओळंबा आधी चौकटीच्या तोंडावर आणि मग बाजूवर धरतात. एका बाजूने ओळंब्यात असलेली चौकट दुसऱ्या बाजूने कललेली असू शकते, आणि अशा चौकटीतले दार आपोआप उघडते किंवा मिटते. सगळे जमले की मागून-पुढून टेकू लागतात.

मग वीटकाम चढते. होल्डफास्टच्या जागी गवंडी विटांऐवजी फूटभर लांब आणि अर्धा फूट उंच पोकळी सोडतो, ती पाण्याने भिजवतो आणि बारीक खडीच्या काँक्रीटने ठासून भरतो. चूक होते ती इथे. घमेल्यात उरलेला माल आणि विटांचे तुकडे कोंबून पोकळी बुजवली, तर पट्टी पहिल्या वर्षीच खुळखुळते आणि चौकटीच्या कडेने गिलाव्यात उभी चीर पडते. टेकू दुसऱ्याच दिवशी काढणे हीही तशीच घाई. भिंत आधी बांधून चौकट नंतर घुसवायची असेल तर पोकळ्या आधीच ठेवाव्यात. खिळे ठोकून भागवलेली चौकट टिकत नाही.

या दोन तालुक्यांत हवाही एकसारखी नाही. माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरकडच्या गावांत पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात. मंचर-नारायणगावकडे पाऊस बराच कमी. पश्चिमेकडे पोकळ राहिलेल्या जागेत पाणी झिरपते, पट्टी गंजते, गंज फुगतो आणि वरचा गिलावा उचलला जातो. काँक्रीटने पूर्ण वेढलेली पट्टी मात्र दीर्घकाळ शाबूत राहते. चौकटीची भिंतीला टेकणारी पाठ डांबराने रंगवली की लाकूड ओल आणि वाळवी या दोन्हींपासून बरेच वाचते. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि चौकट बसल्यावर ते करता येत नाही.

उसाच्या मळ्यांतल्या वस्त्यांवर या पट्टीचे मोल आणखी वाढते. जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर दाट आहे. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्यामुळेच सर्वांना ठाऊक आहे. शेळ्या-वासरांच्या गोठ्याला लोखंडी दार लावले जाते, पण त्याच्या अँगलच्या चौकटीला वेल्ड केलेले पाय चार इंची भिंतीत नुसत्या मालात अडकवले असतील तर दाराची मजबुती कामाची नाही. पायाच्या जागी पूर्ण जाडीचा काँक्रीटचा ठोकळा हवा.

ॲल्युमिनियमच्या आणि यूपीव्हीसीच्या खिडक्यांनी आता रीत उलटी केली आहे. भिंत, गिलावा, रंगकाम होते आणि मग ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकच्या प्लगमध्ये स्क्रू किंवा लोखंडी अँकर बसवतात. काम झटपट होते. मात्र भोक विटांच्या सांध्यात किंवा काठाला फार जवळ पडले तर वीट फुटते आणि अँकर फिरत राहतो.

लाकडी चौकटीचे घर बांधणाऱ्याने गिलावा चढण्याआधी एक संध्याकाळ होल्डफास्ट तपासण्यासाठी राखून ठेवावी. प्रत्येक चौकटीभोवती फिरून काँक्रीटचे ठोकळे मोजावेत: दाराला सहा, खिडकीला चार. एखादा कमी भरला तर गवंड्याला तेव्हाच सांगावे. नंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते.