चार मिनिटांचा मैल आणि ऑफिसातली भाषणे

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये रॉजर बॅनिस्टरची गोष्ट हमखास ऐकवतात. चार मिनिटांच्या आत मैल धावणे माणसाला अशक्यच, असे जग मानत होते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला बॅनिस्टरने ते केले आणि वर्षभरात डझनावारी धावपटू त्याच्या मागे आले. तात्पर्य : मर्यादा फक्त मनात असते. यंदा टार्गेट दीडपट!

पहिला गैरसमज त्या ‘अशक्य’ शब्दातच आहे. स्वीडनच्या गुंडर हॅगने १९४५ मध्येच ४ मिनिटे १.४ सेकंद वेळ दिली होती. उरले होते जेमतेम दीड सेकंद. बॅनिस्टरची वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने ४६ दिवसांत त्याचा विक्रम मोडला हे खरे. पण मे १९५५ संपेपर्यंत चार मिनिटांच्या आत आलेले धावपटू बॅनिस्टर धरून पाचच.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो : दात-ओठ खाऊन जोर लावला की मर्यादा ओलांडता येते. बॅनिस्टर लंडनला डॉक्टरकी शिकत होता आणि सराव दुपारच्या सुटीत करायचा. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये थोडी उसंत. फेरीची वेळ हळूहळू उतरत ६१ सेकंदांवर आली आणि तिथेच अडली. मग तो मित्र ख्रिस ब्रॅशरबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला निघून गेला. परतल्यावर फेरी ५९ सेकंदांत! (आपल्याकडे एव्हाना शनिवारची सुटी रद्द झाली असती.) शर्यतीतही तो एकटा नव्हता. आधी ब्रॅशर, मग ख्रिस चॅटवे पुढे धावून वेग राखत होते.

तिसरा गैरसमज, जास्त तास म्हणजे जास्त काम. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांनंतर दर तासाचे उत्पादन घसरत जाते. ७० तास राबून निघालेला माल ५६ तासांच्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. शरीराचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो.