अमेरिकेतल्या लॉ स्कूलचा निबंध: ऐकीव काय, खरं काय

भारतात कायद्याच्या प्रवेशासाठी सहसा निबंध लिहावा लागत नाही. क्लॅट असो की एमएच-सीईटी, पर्याय निवडायचे आणि गुणवत्ता यादीची वाट पाहायची. त्यामुळे अमेरिकेत कायदा शिकू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींवर ‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणजे अर्जातला निबंध लिहायची वेळ येते, तेव्हा त्यांचा पहिला आधार असतो तो एखाद्या सीनियरने पाठवलेली एसओपीची (‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ची) जुनी फाइल. बहुतेक गैरसमज त्या फाइलबरोबरच घरात शिरतात.

सगळ्यांत चिवट समज असा, की निबंधात कायद्यावरचं प्रेम ओसंडून वाहायला हवं. मग ‘लहानपणापासून मला न्यायासाठी लढायचं होतं’ अशी सुरुवात होते आणि पाठोपाठ एखाद्या थोर माणसाचं अवतरण येतं. प्रत्यक्षात तिकडची जेडी ही कायद्याची पदवी म्हणजे पदवीनंतर करायची तीन वर्षांची पदवी आहे आणि त्याआधी कायदा किंवा कुठला ठरावीक विषय शिकलेला असण्याची अट नाही. इंजिनिअर, नर्स, शिक्षक असे सगळेच अर्ज करतात. हा माणूस विचार कसा करतो, बारकावे टिपतो का, हे प्रवेश समितीला पाहायचं असतं.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीने वडिलांसोबत तलाठी कार्यालयात खेटे घातले आहेत. सातबाऱ्यावरची एक नोंद चुकली होती. फेरफार कधी झाला, नोटीस कोणाला गेली, हे तिने कागद जुळवून शोधून काढलं. ‘मला शेतकऱ्यांना न्याय मिळवून द्यायचा आहे’ या वाक्यातून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. पण ती चूक तिला कशी सापडली, आधी तिने कोणता चुकीचा अंदाज बांधला होता आणि तो का बदलला, हे तिने दोन पानांत नीट मांडलं, तर तिची विचार करण्याची पद्धतच वाचणाऱ्यासमोर येते. अवतरणाची गरज उरत नाही.

दु:खाची कहाणी लागतेच, हाही असाच एक समज. आयुष्यात मोठं संकट आलं नाही म्हणून चांगली मुलं हिरमुसतात, हे पाहून वाईट वाटतं. साध्या कामाबद्दलचा, नीट विचार केलेला निबंधही तितकाच चालतो.

‘एकच एसओपी सगळीकडे पाठवू’ हा हिशेब मात्र महागात पडतो. हार्वर्डने 2023 पासून जेडीच्या अर्जात दोन वेगळे निबंध मागायला सुरुवात केली: एक कायदा का शिकायचा यावर आणि दुसरा अर्जदाराचे अनुभव व दृष्टिकोन यांवर, प्रत्येकी एक ते दोन पानांचा. भारतातले कायदा पदवीधर बहुतेक करून ज्या वर्षभराच्या एलएलएम या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात, तिथला प्रश्न आणखी वेगळा. हार्वर्डच्या एलएलएमला आपल्या क्षेत्रातला एखादा कायदेशीर प्रश्न घेऊन त्याचं विश्लेषण करावं लागतं. स्वतःबद्दलचं लेखन हा त्याचा दुसरा भाग. तिथे नुसती आत्मकथा घेऊन जाणं म्हणजे अर्धी उत्तरपत्रिका कोरी सोडणं.

जातीय किंवा वांशिक भेदभावाचा अनुभव आता लिहिताच येत नाही, असंही ऐकू येतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी वंशाधारित प्रवेशप्रक्रिया घटनाबाह्य ठरवली, हे खरं. पण वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदार सांगत असेल, तर ते विचारात घ्यायला मनाई नाही, असं सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्याच निकालात नोंदवलं. तो अनुभव अर्जदाराच्या धैर्याशी किंवा क्षमतेशी जोडलेला हवा, एवढीच अपेक्षा.

निबंध उत्तम असला की कमी गुण भरून निघतात, हा भ्रमही सोडावा. एलसॅट या लॉ स्कूल प्रवेश परीक्षेतले 120 ते 180 मधले गुण आणि पदवीची सरासरी यांचं वजन मोठं असतं. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला आपल्याकडे प्रवेश घेतलेल्यांचे हे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. ते आधी पाहावेत. एखाद्या सत्रात आजारपणामुळे गुण घसरले असतील, तर त्याचा खुलासा वेगळ्या छोट्या पुरवणीत द्यावा; मुख्य निबंध त्यात खर्च करू नये.

राहता राहिला दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा मार्ग. एलसॅट देणाऱ्याला देखरेखीखाली एक युक्तिवादात्मक लेखही लिहावा लागतो. त्याला गुण नसतात, पण तो लॉ स्कूलांकडे जातो. कन्सल्टंटने घोटून दिलेला निबंध आणि हा लेख शेजारी ठेवले, की भाषेतला फरक लपत नाही. एआयबाबत तर एकच नियम नाही: 2023 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने निबंधात त्याच्या वापराला मनाई केली आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लॉ स्कूलने कबुलीच्या अटीवर परवानगी दिली. म्हणून आपण अर्ज करू त्या वर्षीच्या सूचना त्या त्या लॉ स्कूलच्या अर्जातच वाचाव्यात, सीनियरच्या फाइलमध्ये नव्हे. अर्जातला मजकूर खरा आणि स्वतःचा असल्याची सही अर्जदारालाच करावी लागते, आणि पदवीनंतर वकिलीची सनद देताना होणाऱ्या चारित्र्य तपासणीत हाच अर्ज पुन्हा उघडला जाऊ शकतो.